जांभळीचं वावर

माझं काम काय ते सांगायला लागलो की घरचे जांभया देतात. जमिनी आणि घरांच्या जाहिराती शोधून देणारं सर्च इंजिन किती वेगाने उत्तर देतं, ते मोजणारं साधन मी आणि टीममधला माझा मित्र मिळून बनवत होतो. मी मारुंजीत भाड्याने राहणारा, तो चाकणजवळच्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. ठरावीक शब्दांची यादी इंजिनाला पुन्हा पुन्हा विचारायची आणि लागलेला वेळ टिपायचा. यादीला हात लावायचा नाही, हा नियम. ती बदलली की कालच्या वेगाशी आजचा वेग ताडता येत नाही.

यादीत काही शब्द असेही लागतात, ज्यांचं उत्तर कायम शून्यच यायला हवं. रिकाम्या हाताने परतायलाही इंजिनाला वेळ लागतो, तोही मोजायचा असतो. मी आळशी माणूस, कीबोर्डवर बोटं आपटून काहीतरी अगम्य टाकलं. त्याने शांतपणे टाइप केलं, ‘जांभळीचं वावर’. हे त्यांच्या शेताचं नाव; बाकीची जमीन कंपन्यांना गेली होती, एवढा एक तुकडा उरला होता.

“ह्ये कधी इकायला निघणार न्हाई, राव,” तो म्हणाला. “लिही शून्य.”

मी लिहिलं. वर चिडवलंही, की भाव चढू दे, मग बघू तुझा बाणा.

पुढच्या वर्षी चाकणच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, शब्द मात्र यादीत राहिले. रोज सकाळी चाचणी सुरू केली की जांभळीचं वावर पडद्यावरून सरकायचं आणि मला वाटायचं, तोच विचारतोय, आहे ना अजून? शून्य आलं की जीव भांड्यात पडायचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, वेड्यात काढलं असतं.

एका सकाळी ती ओळ लाल झाली. हवं होतं शून्य, सापडलं एक. मी जाहिरात उघडली. रस्त्यालगत, जांभळीचं वावर, विकणे आहे. खाली त्याच्या वडिलांचा नंबर होता.

फोन लावला. चाचणी बिघडली, असं सांगणार होतो की काय? त्यांनीच आवाज ओळखला.

“त्यो असता तर इकू दिलं नसतं,” ते म्हणाले. “आता कुणासाठी ठिवायचं, बाळा?”

टीममधल्यांनी सुचवलं, तो शब्द काढून दुसरा घालू. मी नियम दाखवला आणि उगाच खेकसलो. रोज ती ओळ लाल यायची आणि मी चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचो. लाल आहे तोवर वावर त्यांचंच आहे, एवढं मला कळत होतं.

दिवाळी उलटली आणि एक दिवस सगळी यादी हिरवी आली. शेजारचा म्हणाला, आपोआप सुधारलं की, बरं झालं. मी जाहिरात शोधली, ती काढलेली होती. जांभळीचं वावर, शून्य. त्याने लिहायला सांगितलं होतं तसंच.