तिसरा धावदोरा

अक्कांनी कुंची बादलीत बुडवली तेव्हा माय पायरीखाली उभी होती आणि मी तिच्या मागं. हिरव्या खणाची कुंची. बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती. तिच्या कडेची झालर मायनं दोन दिवस बसून घातली होती. काठाला दोन धावदोरे टाकायचे, दोन्ही एकदम ओढायचे, कापड गोळा होत येतं. मग नखानं एकेक चुणी सारखी करायची. दोऱ्याचं टोक मी धरलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची.

पाण्यात खण आकसला. खळ गेली. चुण्या बसल्या आणि झालर लोंबायला लागली.

"तुमच्या घरून आलेलं लेकराच्या अंगावर तसंच कसं घालावं?" अक्का म्हणाल्या. भाजी निवडताना बोलावं तशा सहज.

लातुरातलं कापडाच्या दुकानवाल्यांचं घर ते, अक्का त्या घरच्या मालकीण. आम्ही रेणापूरच्या मांगवाड्यातले. आमच्या हातची शिवण त्यांना चालायची, हात चालायचे नाहीत.

झालर बघून अक्कांचाच चेहरा पडला. "बिघडली की गं. बस इथं अंगणात, नीट कर. दुपारी बारसं हाय."

मला वाटलं, माय आता बोलेल. ती म्हणाली, "हाव अक्का, करते. चुकलं माझं. कापड आधी भिजवून घ्यायला पाहिजे होतं."

चुकलं माझं! माय उन्हात बसली, सगळी झालर उसवली, ओल्या कापडात पुन्हा चुण्या घातल्या. ती आत नेताना अक्कांनी वरून पाणी शिंपडलंच.

त्यानंतर मायनं कामाची रीतच बदलली. खण आधी भिजवून वाळवायचा. दोन दोऱ्यांच्या खाली, झालरीच्या मध्यावर तिसरा धावदोरा घालायचा आणि तो तसाच ठेवायचा. मग कुणी कितीही बुडवा, चुणी हलायची नाही. रेणापूरवालीची कुंची धुवून बिघडत नाही, असं नाव झालं. माय खूश. मीही तेच शिकले. चांगली शिवण म्हणजे हीच, असं समजून शिकले.

लग्न होऊन नांदेडला आले, शिवणक्लास काढला. परवापर्यंत पोरींना तिसरा दोरा शिकवत होते. अर्धापूरहून येणारी एक पोरगी आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मॅडम, दोन दोऱ्यांवर झालर छान फुलून राहिली. तिसऱ्यानं दबते. कशाला घालायचा?"

"धुतली तरी बिघडू नये म्हणून."

"नवी कुंची बारशाच्या आधी कोण धुतंय?"

सगळ्या हसल्या. मी तिच्या हातातली झालर घेऊन उलटसुलट बघितली. पोरगी खरं बोलत होती. मायच्या झालरी दबलेल्याच असायच्या. ज्यांना आमचा विटाळ होता त्यांच्या सोयीनं माझी माय जन्मभर शिवत आली होती. आणि तो विटाळ मी कला म्हणून पोरींच्या बोटांत घालत होते. मला स्वतःची लाज वाटली.

मी रेणापूरला गेले. मायची नजर आता अधू झालीय. विचारलं, "माय, अक्कांनी कुंची बुडवली तवा तुला राग आला न्हाई?"

ती म्हणाली, "आला की. पण राग आलेल्या बाईला दुसऱ्या बारशाला कोण बोलावतंय?"

दुसऱ्या दिवशी मायचा फोन वाजला. मी घेतला. त्याच घरची लेक. जिचं ते बारसं होतं, तिलाच आता मुलगी झाली होती. "तुमच्या आईच्या हातची कुंची पाहिजे. ती धुतली तरी बिघडत न्हाई म्हणून."

"धुता कशाला?"

"आमच्यात पद्धत हाय. मनावर घेऊ नका."

"मग शिवत न्हाई."

मायनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "पोरगी हाय, चुकलं तिचं," ती म्हणाली. "मी देते शिवून."

मग पेटीतून खण काढून ती दारात उजेडाला बसली. दोरा ओठांनी ओला करून सुईचं नेढं शोधत राहिली. चारदा चुकली. शेवटी सुई माझ्यापुढं धरली.

"ओवून दे बाय. मला दिसंना."

सुई धरलेल्या त्याच हातानं मला वाढवलं. तरी मी सुई घेतली नाही. ती रडायला लागली, तरी घेतली नाही. त्या घरासाठी मी सुई ओवणार नाही. मायसाठीसुद्धा नाही.