पत्रिकेतून खोडलेलं नाव

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. दरवेळी ओठांवर येतं, आणि मी चहा टाकायला उठते. आज उठत नाही. ऐका.

माझं लग्न त्र्याण्णवचं. आम्ही पिंपळीचे. आज्याच्या काळी घरात मेंढरं होती, आबांनी शेती धरली, आणि त्या सगळ्या घरात डी.एड. झालेली पहिली मी. केवढा तोरा होता मला! त्यात सोयरीक जमली इंदापूरची, मुलगा सरकारी नोकरीत. मग काय, पाय जमिनीला लागेनात.

आणि घरात कमल होती. माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची. जन्मापासून हातपाय आखडलेले, तोंडातून लाळ गळायची, बोलणं आईला आणि मलाच काय ते कळायचं. पण डोकं तल्लख! अक्षरं तिला मीच शिकवलेली. क, म, ल — पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा तिची पाटी घेऊन मी अख्ख्या आळीत मिरवले होते. आणि मग मीच —

थांबा. सरळ सांगते.

पत्रिका बारामतीला छापायला टाकलेल्या. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून कच्चा कागद तपासायला मी गेले. खाली पोरांची ओळ असते ना — 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' — तिथं चुलत भावंडांच्या आधी कमलचं नाव होतं. सख्खी ना ती! मी पेन काढलं आणि खोडलं. का? सासरच्यांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. ते बघायला आले, तेव्हाही मीच तिला मामाकडं धाडायला लावलं होतं. शिकलेल्या बाईंची बहीण अशी — हे कुणी म्हणू नये, एवढंच. मला कुणी सांगितलं होतं का तसं करायला? कुणीही नाही.

पत्रिका आल्या. कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम कमलनं हट्टानं मागून घेतलं. बोट सरकवत वाचत ती खालच्या ओळीवर आली आणि तिथंच अडकली. मी म्हणाले, छापणाऱ्याची चूक. आबा त्या बिचाऱ्याला शिव्या घालत राहिले, मी मान डोलावत राहिले. नालायक मी!

पण खरं सांगायचंय ते पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी बघते तर इंदापूरच्या गठ्ठ्यातल्या वीसेक पत्रिकांवर कमलनं पेन्सिलीनं आपलं नाव घातलेलं. वाकडं, थरथरतं. कुठं कुठं कागद फाटलेला. एकेका अक्षराला किती वेळ लागला असेल तिला? छापणाऱ्याची चूक दुरुस्त केली म्हणून किती खुशीत होती! मी त्या पत्रिका पहाटे बंबात घातल्या आणि इंदापूरला दुसऱ्या पाठवल्या. हळद लागलेली पत्रिका जाळत नाहीत, एवढं कळत नव्हतं का मला? कमलची आंघोळ त्याच पाण्यानं झाली.

लग्न लागलं. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. कमल खुर्च्या धरत धरत आली, त्यांचा पदर ओढला आणि विचारलं — माझं नाव वाचलं का? त्यांना तिचे शब्द कळेनात.

"काय म्हणतीया गं ही?"

आई लांब, पंगतीत होती. मी म्हणाले, "पाणी मागतीय."

सासूबाई स्वतः उठल्या. तांब्या आणला, तिच्या मानेमागं हात धरून पाणी पाजलं, आपल्या पदरानं तिची हनुवटी पुसली. त्यांना काडीची किळस आली नाही. कमल माझ्याकडं बघत प्यायली. सगळं प्यायली.

तिला तहान नव्हती.