उतारावर सांडलेलं सोयाबीन

डोणगावच्या अडतीवर कचरू हमालाची ऐट पाहावी ती ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावताना. गोदामापुढे सिमेंटचा गुळगुळीत उतार. ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली तिथे सोडून दुसरी आणायला जायचा आणि ती उभी राहायची कचरूच्या दगडाच्या भरवशावर. वजन खाली ओढणार, दगड जमीन धरून अडवणार, एवढाच काय तो मामला. पण कचरू म्हणायचा, "म्या लावलेला दगड हालला तं मिशी काढीन!" मोठा आला मिशीवाला!

तिथली रीत अशी, की खाली सांडलेला दाणा हमालाच्या बायकोचा. कचरूची कलाबाई फडा घेऊन झाडायला यायची. पण नवऱ्याचा हात सफाईदार, सांडणार काय, कपाळ! त्या दिवशी दुसऱ्या हमालाच्या बायकोनं, भिमाबाईनं, आपलं भरलेलं टोपलं दाखवत तिला डिवचलं, "तुहा नवरा लय नेटका व माय, तुले उपाशीच मारते." बाया खिदळल्या. कलाबाईही हसली, पण तिचं तोंड एवढंसं झालं. ट्रॉलीवर उभ्या कचरूच्या ते जिवाला लागलं.

त्यानं हळूच पोती ओढायचा हूक फिरवून दोन पोती फाडली. सोयाबीन भळाभळा सांडलं. गोल दाणे घरंगळत चाकापाशी साचले. पोतं उचललं की ट्रॉली हिंदकळायची, दगड जरा सैल व्हायचा आणि दाणे त्याच्या बुडाखाली शिरायचे. वरून ते कुठलं दिसायला! कचरूला दिसत होती फक्त हरखलेली कलाबाई, ट्रॉलीच्या खालच्या अंगाला पाय पसरून दोन्ही हातांनी दाणे ओढणारी.

"आज तं चांदीच झाली हो!" ती ओरडली.

कचरू लाजला. पोतं पाठीवर घेऊन त्यानं खाली उडी टाकली. ट्रॉलीला हिसका बसला, दगड दाण्यांवरून सरकत गेला आणि ट्रॉली उताराला लागली. कलाबाईला उठायलाही सवड मिळाली नाही. अडतीच्या शेठनं आधी फाटकी पोती बाजूला काढायला लावली, मग जीप बोलावली.

तिचे दोन्ही पाय गुडघ्याखालून कापावे लागले. मेहकरच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "आज एवढं काऊन सांडलं हो?"

"पोते कुजके व्हते," कचरू म्हणाला.

कलाबाईनं पोती भरणाऱ्याला कचकचीत शिवी हासडली. मग कचरूचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. "मले वाटलंच," ती म्हणाली, "तुमच्या हातून असं व्हतच नाही."