मारून आणायची होती

देवरीच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर लाकडी पेटी होती. धानावरच्या माश्या टाचणीने टोचून ते तिच्यात ठेवत. शेतकी खात्यात त्यांचं तेच काम. बोलताना ते सारखी बोटं रुमालाला पुसत.

माझा धाकटा भाऊ नुकताच तापाने गेला होता. आईच्या चष्म्याची काच डबा कॅमेऱ्यापुढे धरून त्याने बोदलकशाच्या तलावाकाठी एका माशीचा फोटो काढला होता. ती कोणती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. निदान मला कळावं, म्हणून मी तो फोटो त्यांच्यापुढे केला.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"पंखाच्या शिरा दिसून नाही राहिल्या. मारून आणायची होती ना, भाऊ!"

"तो मारत नसे. ती उडू नये म्हणून तासभर पोटावर पडून होता."

"मंग कायले पाहिजे नाव? जित्या माशीले नाव नाही भेटत," ते हसून म्हणाले आणि बोटं पुसू लागले.

मला त्यांचा राग आला नाही. भाऊ जिवंत होता तोवर नातलग त्याला रिकामटेकडाच म्हणत. गुणी पोरगा तो तेरवीच्या पंगतीत झाला.