चंद्र दिसला का?

आमचे हे नांदेडच्या सॅटेलाइट केंद्रात आहेत. तिथले किस्से देवघरातल्या वातींसारखे साठतात. रोज एखादी तरी वळून ठेवतेच मी!

किनवटकडच्या जंगलात मोबाइलला रेंज नाही, म्हणून दवाखान्यांवर डिश बसवल्यात. आमची लेक वृषाली तिथंच नर्स आहे, संकष्टी तीही धरते. दर संकष्टीला तिचा 'खुशाल' असा मेसेज आल्याशिवाय मी उपास सोडत नाही.

*

तिकडून बोलायची वाट सगळ्या दवाखान्यांची एकच, आणि पाळी कुणाचीच ठरलेली नाही. दोघं एकदम बोलले की दोन्ही मेसेज एकमेकांवर आदळून वाया जातात. मग प्रत्येक डिश आपल्या मनानं थोडं थांबून पुन्हा पाठवते.

मी म्हटलं, "म्हणजे आमचं हळदीकुंकूच की!"

हे म्हणाले, "फरक हाय. डिश थांबते!"

*

एक सिस्टर मेसेज गेला नाही की बटण दाबतच राहायच्या. केंद्रातले शिंदे भावजी त्यांना म्हणाले, "ताई, एकदा दाबा आन् एक अथर्वशीर्ष म्हणा."

त्यांचाच मेसेज सगळ्यात आधी पोचू लागला!

*

महिन्यातून एकदा रात्री सगळंच जाम व्हायचं. इंजिनिअर केबली बदलून राहिले, डिश फिरवून राहिले. मी तारखा बघितल्या, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"अहो, ही तर संकष्टी!"

झाडीत चंद्र दिसत नाही. उपासाच्या सिस्टर चंद्रोदयाच्या मिनिटाला एकमेकींना विचारायच्या, "चंद्र दिसला का?" सगळ्या एकदम!

भावजींनी रिपोर्टात कारण लिहिलं, 'चंद्रोदय'. वरून उत्तर आलं, 'दुरुस्ती करून कळवावे.'

*

भाद्रपदातली संकष्टी. दुपारी वृषालीचा मेसेज आला होता, 'बाळंतीण अडलीय. नाला चढला, गाडी येत नाही.' त्यानंतर काहीच नाही. चंद्रोदय झाला. केंद्रातून ह्यांचा फोन आला, "तिची डिश बोलून राहिली, पण आदळून राहिली."

केंद्रातून तिकडं बोलायची वाट मात्र निराळी, मोकळी. ह्यांनी सगळ्या दवाखान्यांना कळवलं, 'वृषालीकडं बाळंतीण अडलीय. घडीभर कुणी बोलू नका.'

आणि सगळं जंगल गप्प झालं. फोन कानाला लावून मी दारात उभी, हातात जपमाळ. आभाळाचाही आवाज नाही.

मग एकच मेसेज आला. ह्यांनी फोनवर वाचून दाखवला.

"बाळ-बाळंतीण सुखरूप. आई, चंद्र दिसला का?"

मग ह्यांनी विचारलं, "काय कळवू?"

नांदेडवर ढग गच्च होते. मी हात जोडले.

"दिसला म्हणून कळवा!"