तारामतीबाईंच्या परसातलं रोम

लातूरजवळच्या मुरुडच्या तारामतीबाईंनी बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. निवृत्त झाल्यावर घरामागचं पडीक परस साफ केलं, मोगरा लावला, वांगी लावली. गेल्या जानेवारीत पेरूच्या रोपासाठी खड्डा घेताना पहारीखाली खापर खडखडलं. जाड, तांबूस, मोठा कान असलेलं. शेजारचं ढेकूळ फुटलं आणि त्यातून दोन काळ्या चकत्या पडल्या. एक पदराला पुसली तर तिच्यावर माणसाचं तोंड! बाकदार नाक, डोक्याला पानांची माळ.

"अवो, आधी इकडं या!"

नवरा धोंडप्पांनी चष्मा लावून पाहिलं. "निजामाचं नाणं हाय."

"निजामाच्या पैशावर असलं तोंड कुठं असतंय?"

धोंडप्पा घाबरले. "मग गप बस. सरकार सगळी जागा घेऊन टाकंल."

"जन्मभर लेकरांना खोटं बोलू नका म्हणलं. आता मीच लपवू व्हय?"

दुसऱ्याच दिवशी साखरेच्या डब्यात सगळं घालून त्यांनी लातूरची एसटी धरली आणि कलेक्टर कचेरीत जाऊन नोंद केली. आठवड्याभरात पुरातत्त्व खात्याच्या बुद्धप्रियाबाई परसात हजर. नाणं हातात घेऊन त्यांनी उन्हाकडं फिरवून निरखून पाहिलं.

"मावशी, हे रोमचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडचा माल जहाजानं यायचा, मग बैलांवर लादून इथं जवळच तेरच्या बाजारात. अन् हे खापर त्यांच्या सुरईचं. द्राक्षाची दारू असायची त्यात."

"दारू? आमच्या परसात?" धोंडप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. तारामतीबाई मात्र पोट धरून हसल्या.

पण उत्खनन करायचं तर बाग जाणार होती. बुद्धप्रियाबाईंना विचारायला अवघड वाटत होतं. तारामतीबाईंनीच मोगरा मुळासकट काढून जुन्या घमेल्यांत लावला. "आता खोदा!"

बारा दिवस काम चाललं. तारामतीबाईही रोज खोदलेल्या चरात उतरून कुंचल्यानं माती झाडायच्या. सापडलेलं काही धुवायचं नाही, चिकटलेल्या मातीतही खुणा असतात, असं बुद्धप्रियाबाईंनी बजावलं होतं. नवव्या दिवशी त्यांना स्वतःच्या हातानं एक वाडगं मिळालं. काठाखाली ओल्या मातीत उमटलेला कुंभाराचा अंगठा जसाच्या तसा होता. त्यांनी आपला अंगठा त्यावर टेकवला. बरोब्बर बसला. "बाई, बघा की वो!" त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या.

जागा कुणी घेतली नाही. चर बुजवले, नाणी संग्रहालयात गेली. तिथं ती पाहायला सारं गाव लोटलं. आणि महिन्याभरानं गल्लीतले गुरुबसप्पा बगलेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दाराशी आले.

"तारामती, आमच्या विहिरीत घावलं होतं. वीस वर्षं माळ्यावर हाय. धुऊन आणू का?"

"धुऊ नका!" म्हणत त्या चप्पल न घालताच बाहेर धावल्या.