आमच्या टाकीचं पोट

हरिहरेश्वरच्या लॉजमधलं उष्टं आमच्या बायोगॅस प्लांटवर रोज येतं आणि टाकीत जिरतं. किस्से मात्र जिरत नाहीत, साठतच जातात!

प्लांट नवा होता. टाकीत शेणकाला ओतला, झाकण घट्ट लावलं. आत हवा नसली की जिवाणू उष्टं कुजवतात, गॅस सुटतो, एवढं मला ठाऊक. पण वरचा रबरी फुगा काही फुगेना! सरपंचांनी बजावलेलं, "गॅस न्हाय आला तर ग्रामसभेत प्लांट बंदचा ठराव!" मी सारखा जाऊन फुगा चाचपायचो. टाकी भरणाऱ्या सुशीलाताई शेवटी वैतागल्या, "साहेब, अंड्यावरची कोंबडीपण एवढी उठबस करत न्हाय!"

*

एकदाचा फुगा फुगला! मी धावत शेगडीपाशी काडी नेली. फस्स! विझली. दुसरीही विझली. सुरुवातीच्या गॅसमध्ये मिथेन कमी, कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो कसला जळतोय?

सरपंच मान हलवत म्हणाले, "ह्यो तर आग विझवायचा बंब हाय!"

*

शेजारच्या शेवंतीकाकू कुंपणावरून ओरडल्या, "तुमच्या वासानं जीव चाललाय माझा!" माझी झोपच उडाली. पाइपचा एकेक जोड साबणाच्या फेसानं तपासला. गळती कुठेच नाही! पण वास तर येत होता.

कुंपणापलीकडं काकू अंगणभर पसरलेली सुकट उलटत होत्या.

*

सुट्ट्यांच्या गर्दीत भाताची पिंपंच्या पिंपं आली. आम्ही सगळी एकदम टाकीत ओतली. झालं! टाकी आंबली, गॅस बंद. तिसऱ्या दिवशी जेवताना मी प्लांटच्या इंजिनिअरला फोन लावला, "दोन दिवस उपाशी ठेवलंय. थोडा चुना दिलाय. आता नुसतं शेण भरवतोय!"

बायकोच्या हातातला डाव थांबला. "अहो, आई कुठं दिसत न्हायत?"

*

ग्रामसभा उद्यावर आली. टाकी सावरली होती. सरपंच भर दुपारी तपासायला आले. मी अंगणातली शेगडी पेटवली. ज्योत चांगली निळी, पण उन्हात कुणाला दिसेचना!

"पेटलीच न्हाय," सरपंच म्हणाले.

"पेटलीय हो!"

"मला आंधळा समजतो व्हय?"

काय दाखवू, कसं दाखवू! तेवढ्यात सरपंच तावातावानं पुढं आले, गुडघे टेकले आणि शेगडीवर वाकले.

सुशीलाताई किंचाळल्या, "सरपंच, मिशी!"